तीन मिनिटं झाली, वाढवू?

आमच्या अध्यक्षा सभेत आमच्याकडे पाठ करून बसायच्या. रागाने नव्हे हं. आल्या की खुर्ची उचलायच्या, भिंतीकडे वळवायच्या, पर्स मांडीवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला." मग आम्ही चौघं विश्वस्त त्यांच्या अंबाड्याशी बोलायचो. सभा भरायची ती आमच्यातल्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, रविवारी सकाळी, पेशंट नसताना. त्यामुळे अध्यक्षांच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, समोर असायचं लसीकरणाचं पोस्टर, आणि त्यातलं गुटगुटीत बाळ.

पहिल्या सभेला मी भडकलो होतो. मी भूगोलाचा मास्तर. वर्गात एका पोराने पाठ केली तरी मी त्याला व्हरांड्यात उभं करतो, आणि इथे अख्ख्या संस्थेच्या अध्यक्षा माझ्याकडे पाठ करून बसलेल्या! मी म्हटलं, "ताई, माझं बोलणं आवडत नसेल तर तसं सांगा."

"मास्तर, तोंड दिसलं की माणूस तोंड बघत बसतो," ताई भिंतीला म्हणाल्या. "तुमच्या कपाळाला आठ्या पडल्यात ते मला ऐकू येतंय. त्या बघायची काय गरज? बोला तुम्ही."

आता आठ्या ऐकू येतात का कोणाला? पण पडल्या होत्या, हे खरं.

ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून द्यायचे. बाहेरगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा, तासन् तास वाट बघायची, आणि मग ऑपरेटर बाई लाइन जोडून देणार, असे ते दिवस. माणसं दिसायची नाहीत, नुसते आवाज. रिटायर होऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती, पण बाईंच्या डोक्यावरचा तो हेडफोन काही उतरला नव्हता. बोलायला लागलात की तीन मिनिटांनी बरोब्बर आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" पूर्वी ट्रंक कॉलवर असंच विचारायचे म्हणे. आम्ही म्हणायचो, वाढवा. ताई म्हणायच्या, "कशासाठी?" या कशासाठीला उत्तर देता आलं तर पुढची तीन मिनिटं मिळायची. मला सहसा मिळायची नाहीत.

संस्था म्हणजे काही फार मोठा कारभार नव्हता. भिवंडीजवळच्या शेलार गावात एक खोली, एक अंगण, आणि तिथे चालणारं पाळणाघर. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाणाऱ्या बायकांची लहान पोरं तिथे दिवसभर राहायची. त्यांना सांभाळायची बेबीताई, शेलारचीच. विश्वस्त आम्ही पाच, सगळे हौशी, बिनपगारी. ताई आणि मी, चिटणीस. डॉक्टरीणबाई, दवाखान्यासकट. पाटील, दापोड्याचे, ज्यांचे टेम्पो गोडाऊनला लागलेले. आणि रफिकभाई, लूमवाले, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना असलेले. रफिकभाई लूमच्या खडखडाटात वाढलेले, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही दोन घरांना ऐकू जाईल अशी सांगायचे. ताई शांतपणे म्हणायच्या, "रफिकभाई, इथे लूम बंद आहे." रफिकभाई जीभ चावायचे, "सॉरी आपा," आणि तेही ओरडूनच.

ताईंचा सगळ्यात जाचक नियम वेगळाच होता. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर आधी तो काय बोलला ते आपल्या तोंडाने सांगायचं. तो "बरोबर" म्हणाला की मग आपलं. तो "बरोबर" म्हणाला नाही, तर पुन्हा सांगायचं. पाटलांना हे बिलकूल मानवायचं नाही. एकदा खिडकीच्या जाळीवरून ते आणि डॉक्टरीणबाई तावातावाने भांडत होते. ताईंनी पाटलांना मध्येच थांबवलं. "डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगा."

"मी त्यांचं कशाला सांगू? मला माझं बोलायचं हाय!"

"आधी त्यांचं."

पाटलांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चूक. पुन्हा सांगितलं. अर्धं बरोबर. तिसऱ्यांदा जमलं. "हं, आता तुमचं बोला," ताई म्हणाल्या. पाटील तोंड उघडून बसले, छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. "मला काय बोलायचं व्हतं तेच इसरलो," ते म्हणाले. रफिकभाई इतके हसले की बाहेरून कोणीतरी दार ढकलून बघितलं, दवाखाना उघडलाय की काय म्हणून.

सभेच्या बाहेरही ताईंचं हेच. कोळणीला म्हणणार, "मी काय मागितलं, सांग बघू." रिक्षावाल्याला म्हणणार, "भैया, किधर जाना है, बोलो." तो म्हणणार, "आपने ही तो बताया." "हां, मैंने बताया. तुमने सुना क्या?" भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये मागे हॉर्न वाजतायत आणि ताई उत्तराची वाट बघत उभ्या! मी दोन-तीनदा ओळख न दाखवता पलीकडच्या फुटपाथने गेलोय, कबूल करतो.

आणि "सगळे म्हणतात" हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कोणी म्हणालं की सगळे म्हणतात खोली लहान पडते, की ताई लगेच, "सगळे कोण? नंबर द्या. सगळ्यांचा नंबर माझ्याकडे नाही, मी लाइन कोणाला जोडू?" नंबर द्या म्हणजे नाव सांगा. बहुतेक वेळा एकच नाव निघायचं. पुष्कळदा ते बोलणाऱ्याचंच असायचं.

मधे पाटलांनी विश्वस्तांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ताई दुसऱ्या दिवशी त्यातून बाहेर. मी फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, "मास्तर, त्या अंगठ्याला आवाज नसतो हो. अंगठा म्हणजे काय समजायचं? पटलं, का वाचलं, का पुरे आता?" मी म्हटलं, "ताई, आजकाल असंच असतं." फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, म्हातारीचं आता अति होतंय.

त्यानंतर ताई बाथरूममध्ये पडल्या. पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि भाची त्यांना कल्याणला आपल्या घरी घेऊन गेली. आम्ही सगळे भेटून आलो, वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर रिक्षात बसल्यावर आम्हाला चौघांनाही कसं सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं. रविवार मोकळा. सभा नाही, परत सांगणं नाही, तीन मिनिटं नाहीत. जे काय ते फोनवर आणि ग्रुपवर. मी तर म्हणालोसुद्धा, "बघा, कामं किती पटापट होतात."

झाली ना! इतकी पटापट झाली की दोन महिन्यांत आम्ही पाळणाघर बंद करून टाकलं. म्हणजे बंद करायचं ठरवलं.

पाटलांकडून डॉक्टरीणबाईंना कळलं की बेबीताईला काम झेपत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला फोन केला, असं किती दिवस चालवायचं, विचार करायला हवा. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, डॉक्टर म्हणतायत, पाटील म्हणतायत, त्या दोघांनी ठरवलेलं दिसतंय, आपण एकटे कशाला फाटे फोडा. मी रफिकभाईंना कळवलं. ते नुसतं "अच्छा" म्हणाले, तेही हळू आवाजात. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. आणि मग मी माझ्या सुवाच्य मराठीत ग्रुपवर टाकलं की शेलारचं पाळणाघर महिनाअखेर बंद करण्याबाबत सर्वांचं एकमत आहे, हरकत असल्यास कळवावे. तीन अंगठे आले.

पाटलांनी जाऊन बेबीताईला सांगितलं. ती म्हणे एवढंच बोलली, "बरं."

दोन दिवसांनी शाळा सुटताना दोन बायका फाटकाशी उभ्या. अंगात गोडाऊनचं जॅकेट, ड्युटीवरून थेट आलेल्या. एकीच्या कडेवर पोर झोपलेलं. ती म्हणाली, "सर, पोरगी ठेवाला दुसरी जागा न्हाय. सासू आंधळी हाय. मंग मी काम सोडू का?" मी म्हणालो, "समितीचा निर्णय आहे." माझ्याच तोंडून निघालं हे वाक्य. ती मान हलवून निघून गेली, भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

ठरावावर अध्यक्षांची सही लागते. कागद घेऊन मी कल्याणला गेलो. ताईंनी चष्मा लावून वाचला, कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं, आणि परत दिला.

"सभा बोलवा."

"ताई, ग्रुपवर तीन अंगठे आलेत. सगळ्यांचं एकमत आहे."

"सगळ्यांचं?" ताई म्हणाल्या. "मग तर बोलवाच. आणि बेबीलाही बोलवा."

त्या रविवारी ताई वॉकर घेऊन आल्या. दोन पायऱ्या चढायला पाच मिनिटं लागली. आल्या, सभेत फोन गोळा करायचा त्यांचा स्टीलचा डबा फिरवला, आमचे फोन त्यात घातले, आणि म्हणाल्या, "खुर्ची वळवा. आज मला उचलता यायची नाही." मीच वळवली. बेबीताई दारातच उभी होती, पदर खांद्यावरून घेऊन, आमच्याकडे न बघता.

ताई पोस्टरला म्हणाल्या, "बंद करा असं पहिल्यांदा कोण म्हणालं? नंबर द्या."

पाटलांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे.

"रफिकभाई, तुम्ही म्हणालात?"

"नहीं आपा! मैं क्यूँ बोलूँगा? माझ्या कारखान्यातल्या कारागिराची मुलगी आहे तिथे. सरांचा फोन आला, सबका यही कहना है. म्हटलं, सगळे शिकलेले लोक आहेत, मी कशाला आड येऊ?"

"मास्तर?"

"मी नाही. डॉक्टरांनी सांगितलं."

"मी?" डॉक्टरीणबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मी बंद करा म्हणाले? मी म्हणाले, असं किती दिवस चालवायचं, विचार करायला हवा! बेबीचे गुडघे माझ्याच हाताखालून गेलेत. मला वाटलं तुम्ही तिघं मिळून काहीतरी मार्ग काढाल. मग तुमचा मेसेज आला, एकमत. मला वाटलं, ठरलं असेल तुमचं."

"मग अंगठा का दिलात?" ताईंनी विचारलं.

"वाचलं म्हणून," डॉक्टरीणबाई खाली बसल्या.

"पाटील?"

"ताई, मी टेम्पोत माल चढवत व्हतो," पाटील घाम पुसत म्हणाले. "घाईत बोललो डॉक्टरना, बेबीला न्हाय झेपत. मंग ग्रुपवर मेसेज आला, म्हटलं, आता डॉक्टरच बोल्तात बंद करा तं तिला मोठं आजारपान आसंल. इचारायचं कसं?"

"बेबी पाटलांना काय म्हणाली होती?"

पाटलांनी दाराकडे बघितलं. बेबीताईने पदर आणखी ओढून घेतला. ताईंनी शेजारची खुर्ची चाचपली. "बेबी, इकडे ये. इथे बस, माझ्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्याकडे बघू नकोस. बघितलंस की पुन्हा 'बरं' म्हणशील."

बेबीताई येऊन बसली. आता आमच्याकडे दोन पाठी होत्या, आणि पोस्टरमधलं बाळ दोघींकडे बघत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ताईंची ती खुर्ची म्हणजे त्यांचा हेका. त्या दिवशी कळलं की डॉक्टर, मास्तर, लूमवाले, टेम्पोवाले अशा चार तोंडांसमोर बोलणं ही काय चीज आहे. मी कधी त्या बाजूला बसलोच नव्हतो.

बेबीताई भिंतीला म्हणाली, "गोडाऊनची शिफ्ट बदलली. आता आठला चालू व्हते. बाया बोलल्या, सात वाजता पोरं आनू का? मी बोलली, आना. मी पाटीलसायबांना बोलली, सातला उघडाचं तं मला येकटीला न्हाय झेपनार, जोडीला येक बाई द्या." तिचा आवाज फाटला. "मी काम सोडते आसं न्हाय बोलली. मी जोडीला बाई मागली."

तिला पाळणाघर एक तास लवकर उघडायचं होतं! आणि आम्ही चार शहाणे, एकमेकांचा मान राखत राखत, ते कायमचं बंद करून बसलो होतो. कोणाच्याच मनात नसताना. भांडण नाही, तंटा नाही, एकमताने!

पहिल्यांदा हसले रफिकभाई. "या अल्लाह," म्हणाले आणि कपाळाला हात लावून हसायलाच लागले. मग डॉक्टरीणबाई. मला हसू येत होतं की रडू ते कळेना, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. ती फाटकाशी उभी राहिलेली बाई दोन आठवडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिला आता जाऊन सांगता येणार होतं. जीव भांड्यात पडला अगदी.

"हसून झालं?" ताई म्हणाल्या. "आता बेबी काय म्हणाली ते एकेकाने सांगा. तिला. मला नको."

रफिकभाईंनी पहिल्या झटक्यात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनीही. पाटलांनी सांगितलं आणि वर, "माजी वैनी घरीच हाय, ती येल सोमवारपासून," असं जोडलं. बेबीताई म्हणाली, "बरोबर. वैनी चालंल." मग माझी पाळी.

मी म्हणालो, "बेबीताई, तुम्ही म्हणालात की शिफ्ट बदलल्यामुळे तुमच्यावर ताण..."

"न्हाय," बेबीताई म्हणाली.

"तुम्ही म्हणालात की सात वाजता उघडायचं आहे, आणि माझा गैरसमज असा झाला की..."

"मी तुमच्या गैरसमजाचं कुठं काय बोलली?"

पाटील फिस्सकन हसले. मास्तर आहे ना मी, दुसऱ्याचं वाक्य सुधारल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले. "सातला उघडायचं तर मला एकटीला झेपणार नाही. जोडीला एक बाई द्या."

"बरोबर, सर," बेबीताई म्हणाली. ठराव मी तिथेच फाडला.

ताईंना कल्याणला सोडायला मीच गेलो. नाक्यावर कंटेनर अडकलेला, गाड्या तुंबलेल्या. ताई आपणहून बोलायला लागल्या. पूर्वी लाइन खराब असली की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू जायचं नाही, मग ऑपरेटरच इकडचा निरोप तिकडे सांगायची. एका रात्री भिवंडीहून एका बाईने शेजारणीच्या लेकाला निरोप दिला, आईची तब्येत बिघडलीय, निघून ये. "तो मुलगा तिकडे इतका घाबरला, मास्तर. मला कीव आली. मी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं. काळजीचं काही नाही. रात्रीच निघायचा तो सकाळच्या गाडीने आला. आई पहाटेच गेली होती."

पुढे कलणारा त्यांचा वॉकर मी धरून ठेवला.

"चांगल्या मनानेच घातलं होतं," ताई म्हणाल्या. "तुम्हीही चांगल्या मनानेच सही मागायला आला होतात." कंटेनर हलला, रिक्षा सुटली, आणि त्यांनी विषय बदलला. भाचीकडे भाजीत साखर घालतात, म्हणाल्या.

त्या परत भिवंडीत राहायला आल्या नाहीत. पाय तसाच राहिला. अध्यक्षपद त्यांनी डॉक्टरीणबाईंना दिलं, पाठमोरी खुर्ची मात्र कोणी सरळ केली नाही. आता ज्याला अवघड काही बोलायचं असेल तो तिथे जाऊन बसतो. पाटील सगळ्यात जास्त वेळा बसतात.

सात वाजता पाळणाघर उघडलं त्या पहिल्या सकाळी मी शेलारला गेलो होतो. बेबीताईने कुलूप काढलं, पाटलांच्या वहिनीने सतरंजी अंथरली. गोडाऊनची गाडी रस्त्यावर थांबलेली, बायका पोरं सोपवून पळत होत्या. ती आंधळ्या सासूवाली माझ्या शेजारून गेली आणि जाता जाता म्हणाली, "सर, चाललू ड्युटीला." मी अंगणात जाऊन ताईंना फोन लावला.

"ताई, उघडलं. सगळे आलेत."

"सगळे कोण?" पलीकडून आवाज आला. "नंबर द्या."

मी हसलो, आणि दारात उभा राहून एकेकाचं नाव सांगायला लागलो. रिया. ताई म्हणाल्या, रिया. आयान. आयान. सोहम, तो रडतोय. सोहम, रडतोय. मी एक नाव सांगायचो, पलीकडून तेच नाव परत यायचं, आणि मी म्हणायचो, बरोबर. आतून बेबीताई मला राहिलेली नावं ओरडून सांगत होती. मध्ये मी घड्याळात बघितलं. तीन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती आणि ताई काही बोलल्या नव्हत्या.

"ताई," मी म्हटलं, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"



"वाढवा, मास्तर," ताई म्हणाल्या.

या वेळी 'कशासाठी' असं मी विचारलं नाही.